कांजी हाऊस कुठून बसलं?

मारोतआबांच्या ओट्यावर गेलेल्या माणसाला आधी चहा मिळत नाही. आधी त्याच्या तोंडातल्या शब्दांचं तिकीट तपासलं जातं. तुम्ही आपलं सहज म्हणावं, "आबा, आज हवा बरी सुटली," की आबांच्या कपाळावर आठी, हात पुढे, तळवा वर आणि प्रश्न ठरलेला: "हवा? ही कुठून बसली?"

जन्मभर एसटीत कंडक्टरी केलेला माणूस. हिंगोली, सेनगाव, तिथून पूल ओलांडून रिसोड, आणि परत. पन्नास माणसांत बिनतिकिटाचा कोण ते आबा त्याच्या बसण्यावरून ओळखायचे म्हणे. रिटायर झाले, गाडी सुटली, प्रवासी सुटले, पण संशय काही हातातून सुटला नाही. मग त्यांनी शब्द धरले. कुठून बसला, कुठं उतरणार, संगं सामान काय, या तीन प्रश्नांतून सुटलेला शब्द मी तरी अजून पाहिला नाही. बोलणारा फार लांबण लावायला लागला तर आबा चमचा कपावर एकदा वाजवतात. एक घंटी म्हणजे थांब. पुढं बोलायची परवानगी हवी असेल तर दोन घंट्यांची वाट बघायची.

माझी न् त्यांची ओळखसुद्धा अशीच झाली. आमच्या ह्यांनी या गावात पिठाची गिरणी घेतली म्हणून आम्ही हिंगोलीहून इकडे आलो. मी शिवणकाम करते. गिरणीच्या मागच्या खोलीत खिडकीजवळ मशीन ठेवली, आणि पहिल्याच दिवशी खिडकीतून बाहेर पाहिलं तर चार दगडी भिंती, गंजकं फाटक, आत लिंबाचं झाड न् कोरडा हौद. पलीकडे लागूनच आबांचं घर. आबा ओट्यावर बसलेले. म्हटलं शेजाऱ्याशी दोन शब्द बोलावेत.

"आबा, हा मधला तबेला कुणाचा?"

"तबेला?" आबा म्हणाले. "कुठून बसला?"

मला वाटलं, मला विचारताहेत. म्हटलं, "हिंगोलीहून."

"तू न्हाई. तबेला."

नव्या गावात आल्या आल्या वेड्याशी गाठ पडली, असं मनात म्हणाले आणि खिडकी लावून घेतली.

पुढे कळलं की बाकीच्या शब्दांची तपासणी आबा जाता-येता करतात, पण जनावरं ठेवायच्या जागेचा कुठलाही शब्द निघाला की ते गाडी बाजूला लावून पूर्ण चौकशी करतात. तबेल्याचा तपास त्यांनी हमीदभाईंकडून लावला होता. हमीदभाई शेळ्या-बकऱ्यांचे व्यापारी. सेनगावच्या बाजाराला जाता-येता आबांकडे टेकणारे, आणि आबांचा सगळा छळ हसत सोसणारे गावातले एकमेव गृहस्थ. त्यांनी सांगितलं, अरबीत तवीला म्हणजे लांब दोरी, तिला घोडे बांधायचे, त्याचा झाला तबेला. आबांनी त्यावर आठ दिवस विचार केला म्हणे. मग निकाल दिला, "दोरीचं तिकीट काढलं अन् अख्खा वाडा घेऊन बसला. जास्त सामान हाय ह्याच्याकडं." पागा हा शब्द फारसीतून आला, तो घोड्यावर बसून आला म्हणून त्याला उभं राहायची मुभा. गोठा मात्र आबांचा लाडका. "त्यो पासवाला हाय. त्याला इचारायचं काम न्हाई."

आणि कोंडवाडा. तो तर आबांच्या भिंतीला भिंत लावून. कुणाचं जनावर कुणाच्या पिकात शिरलं की ते हाकत आणून या वाड्यात कोंडायचं, मालक आला की दंड घेऊन सोडायचं, असा तो ग्रामपंचायतीचा वाडा. किल्ली ग्रामपंचायतीनं आबांकडे दिलेली, कारण दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं. आबांनी ती कमरेच्या करगोट्याला बांधली. आत जनावर नाही वर्षानुवर्षं, पण आबा रोज सकाळी कुलूप काढणार, आत एक फेरी मारणार, कुलूप लावणार. मग फाटक दोनदा ओढून बघणार, आणि चार पावलं जाऊन परत येऊन तिसऱ्यांदा ओढणार.

तर कोंडवाडा हा घरचा शब्द. त्याच्यावर आबांचा संशय नाही. त्यांचा खरा वैरी म्हणजे कांजी हाऊस.

नदीच्या पलीकडे, रिसोड-वाशीमकडे, कोंडवाड्याला कांजी हाऊस म्हणतात. आपल्याकडे कोणी म्हणत नाही. पण आबांना तो शब्द जसा काही रोज रात्री उशाशी येऊन टोचतो. नवा माणूस दिसला की प्रश्न आलाच, "तुमच्यात जनावरं कोंडायच्या जागेला काय म्हनतेत?" कोंडवाडा म्हणाला की आबांचा त्या माणसातला रस संपला. पण एखादा पाव्हणा रिसोडकडचा निघाला आणि म्हणाला, "आमच्याइकडं कांजी हाऊस म्हंतेत," की आबा ताठ.

"काय म्हनलात? म्हना बरं पुन्यांदा."

"कांजी हाऊस."

"आणखी एकदा."

पोलीस जबाब घेतात तसं ते त्या माणसाकडून तीन-तीनदा वदवून घेत. आणि गंमत म्हणजे अशा माणसाला चहा लगेच मिळायचा, वर फुटाणेसुद्धा. मी खिडकीतून पाहायची न् ह्यांना म्हणायची, "ह्या माणसाचं काहीतरी आहे. वैऱ्याला कोणी फुटाणे देतं का?" हे म्हणायचे, "तू ब्लाऊज शीव."

या शब्दाच्या कुळाबद्दल गावात तीन पक्ष. एका पक्षाचं म्हणणं, कांजी म्हणजे पेज. कोंडलेल्या जनावरांना पेज पाजायचे, म्हणून कांजी हाऊस. आबा म्हणाले, "दंड भरल्याबिगर पाणी पाजत न्हाईत, पेज कोन पाजतं? हे खोटं हाय." दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, कांजीशेठ नावाचा कोणी गुजराती होता, त्याचा वाडा होता. आबा म्हणाले, "शेठ वाडा देईल, पण नाव फुकट देईल का? त्याचा वारस आना." वारस कोण कुठून आणणार?

तिसरा पक्ष आमच्या सरपंचाचा. बालाजी सरपंच म्हणजे तरुण पोरगं, हातात फोन. त्यानं एके दिवशी ओट्यावर बसल्या बसल्या फोनमध्ये शोधलं न् वाचून दाखवलं, की जुन्या इंग्रजीत काईन म्हणजे गाई. काईन हाऊस, त्याचं आपल्या लोकांनी केलं कांजी हाऊस. इंग्रजानं काढलेला शब्द.

"फोनला कोनी सांगितलं?" आबा म्हणाले.

"आबा, फोनला सगळं माहीत राह्यतं."

"इंग्रज नदीच्या तिकडं होता. इकडं निजाम. मंग ह्यो शब्द पूल ओलांडून इकडं आला कसा? कोनी आनला? ते इचार फोनला."

बालाजी हसला. म्हणाला, "ते न्हाई सांगत. पण अर्थ सांगून राहिला. कांजी हाऊस म्हंजे गाईचं घर."

आता आबा चमचा वाजवणार, असं मला वाटलं. पण आबांनी चमच्याला हात लावला नाही. कप उचलला, रिकामा होता, तरी तोंडाला लावला. हमीदभाई म्हणाले, "अजी आबा, लफ्ज है, चोर नहीं है. कायकू पकड़के बैठे? जाने दो उसकू." आबांनी कप खाली ठेवला. मग उठून आत गेले न् दार लावून घेतलं. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

त्याच पावसाळ्यात कोंडवाड्याचा विषय ग्रामसभेत निघाला. जागा मोक्याची, रस्त्याला लागून. भिंती पाडून तिथं दुकानांचे गाळे काढायचे ठरलं. आता खोटं कशाला बोलू, त्यातला एक गाळा आम्हाला हवा होता. गिरणी आत गल्लीत, पावसात बायका डोक्यावर दळण घेऊन चिखलातून येतात. रस्त्यावर आलो तर धंदा दुप्पट. हे तर मनातल्या मनात पाटीसुद्धा रंगवून बसले होते. सभेत विरोधाला एकच माणूस उठला. मारोतआबा.

"का आबा?" बालाजीनं विचारलं. "रिकामा पडला हाय. जनावर न्हाई, कोंबडं न्हाई."

"आज न्हाई. उद्या आलं तर कुठं ठेवशील? तुझ्या फोनात?"

लोक हसले, पण ठराव व्हायचा तो झालाच. ग्रामसेवकानं एवढंच घातलं, की आत जनावर असेल तर आधी त्याची सोय लावायची, मगच भिंतीला हात लावायचा. ते ऐकून गाव आणखीच हसलं. जनावर होतं कुठं?

आणि मग बैल आला.

ठरावानंतर चारच दिवस झाले असतील. सकाळी मी खिडकी उघडली तर आबांच्या ओट्यापुढं, कोंडवाड्याच्या भिंतीशी एक पांढरा बैल उभा. मागचा एक पाय ओढणारा, अंगावर चिखल, तोंडाला सोयाबीनचा पाला. गावातल्या कुणाचाच नाही. ज्याच्या सोयाबीनमधून तो चालत आला होता तो बोंब मारत मागोमाग आलाच. चार पोरांनी बैल कोंडवाड्यात लोटला. आबांनी करगोट्याची किल्ली काढून कुलूप लावलं. बस. भिंती पाडायचं काम थांबलं. ठरलं असं, की पोळ्यापर्यंत मालकाची वाट बघायची. कोणी आलं नाही तर बैलाचा लिलाव, आणि मग गाळे.

आता तुम्हीच सांगा, संशय येणार का नाही? गावात दुसरा विषयच राहिला नाही. म्हाताऱ्यानं कुठून तरी टाकाऊ बैल आणून उभा केला, असं सगळे म्हणायला लागले. काही जणांनी हमीदभाईंना धरलं. ते म्हणाले, "मैं बकरे बेचता. बैल का क्या पूछते मेरेकू? आबा तो मेरे कने से आजतक बकरी की रस्सी भी नहीं लिये." कोणी म्हणालं, आबांना त्या जागेत घर वाढवायचंय. कोणी म्हणालं, भिंतीत पुरलेलं काहीतरी आहे. बालाजी एका संध्याकाळी आमच्याकडे आला, खिडकीकडे बघत मला म्हणाला, "वैनी, तुमची मशीन बराबर जागेवर हाय. जरा ध्यान ठेवा."

मला हेच हवं होतं. सरकारी काम मिळाल्यासारखं मी त्या दिवसापासून डोळ्यांत तेल घालून बसले. शिवणीत दोनदा बाही उलटी लावली, पण आबांची एक हालचाल सोडली नाही. रोज दिवस मावळताना आबा झाकलेली बादली घेऊन आत जायचे. बैलाला घालायला ह्यांच्याकडून गिरणीतली हरभऱ्याची चुनी नेऊ लागले. हौद घासून काढला, पाणी भरलं. हे सगळं ठीक, राखणदाराचं काम म्हणता येईल. पण एक गोष्ट मला झोपू देईना. जो माणूस हवेला विचारतो कुठून बसलीस, त्यानं त्या बैलाबद्दल एका शब्दानं चौकशी केली नव्हती. कुठून आला, कुणाचा, काहीही नाही. दुसऱ्या कोणी विषय काढला तर आबा म्हणायचे, "मालक येईल." आणि दुसरीकडे बघायचे.

पोळा जवळ आला तसं माझ्याकडे बैलांच्या झुली शिवायला यायला लागल्या. एके दुपारी आबा आले. काखेत जुनं हिरवं लुगडं, लाल काठाचं, घडीवर विरलेलं.

"ह्याची झूल शीव."

"कोणाच्या बैलासाठी, आबा?"

"माप घे. चौकशी करू नको."

"बैलाशिवाय माप कसं घेऊ?"

आबांनी बोटांनी हवेत माप दाखवलं. लांबी, रुंदी, वशिंडासाठी जागा, सगळं बिनचूक. घरात बैल नाही, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि हा माणूस बायकोच्या लुगड्याची झूल शिवून मागतोय. मी ह्यांना म्हटलं, "आता तर नक्की झालं. बैल ह्यांनीच आणला." हे म्हणाले, "आपल्याला गाळा मिळंल ना?" हे तेवढंच बोलतात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोलतो. म्हणून त्या संध्याकाळी मालक पळसाच्या पानानं त्याच्या खांद्याला तूप न् हळद चोळतो, आणि कानाशी जाऊन उद्याच्या जेवणाचं आवतण देतो. हे काम मालकाचंच. गडी कितीही जुना असला तरी खांद मळायला मालक येतो. दुसऱ्याच्या बैलाची खांद आपण मळली तर ते त्याच्यावर हक्क सांगितल्यासारखंच, इकडे त्यावरून भावाभावांत भांडणं झालेली आहेत.

उजेड अजून होता. आबा बादली न घेता निघाले. हातात वाटी, आणि वाटीवर पळसाची पानं. मी मशीन सोडली न् शिवलेली झूल घेऊन मागोमाग निघाले. विचारलं तर सांगायला निमित्त असावं म्हणून झूल.

फाटक लोटलेलं होतं. आत आबा बैलाच्या शेजारी उभे. त्यांनी बोटं वाटीत बुडवली, आणि त्यांनी हात लावायच्या आधीच बैलानं मान खाली घातली न् खांदा पुढे केला. अनोळखी माणसाला बैल असा खांदा देत नाही. आबा चोळत राहिले. मग वाकून त्याच्या कानात म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." गावात त्या वेळी घरोघर हेच चाललं होतं. पण आबांचा आवाज फुटला.

मी म्हणाले, "आबा, हा कुठून बसला?"

त्यांनी मागे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील. पण ते हौदाच्या काठावर बसले.

"सासुरवाडीहून," ते म्हणाले. "पूल ओलांडून. एकटा आला."

मग तुकड्या-तुकड्यानं सगळं निघालं. आबांच्या बायकोच्या, काकूंच्या हातून वाढलेलं हे वासरू. त्याची माय व्याली न् मेली, तर काकूंनी त्याला बोट चोखवून दूध पाजलं. मग काकू अंथरुणाला खिळल्या. आबा ड्युटीवर, घरात बघणारं कोणी नाही, म्हणून वासरू काकूंच्या भावाकडे पाठवलं. काकू गेल्या. तिकडे ते वासरू मोठं होऊन जुंपलं गेलं, पाय अधू झाला; आबा सासुरवाडीला गेले की त्याला बघून यायचे. भाच्यांनी ट्रॅक्टर आणला न् बैलाला सोडून दिलं. गेला तेव्हा गुडघ्याएवढा होता, त्यामुळे इथल्या कुणी ओळखला नाही. आबांनी त्या सकाळी दार उघडलं न् पाहताक्षणी ओळखला.

"मग सांगितलं काहून नाही? तुमचाच बैल, न्या घरी."

"माझा म्हनलो की ह्यो वाडा रिकामा. त्याच दिवशी पाडतील. न्हाई म्हनलो तर परवा लिलाव. म्हातारा, लंगडा. कोन घेईल अन् काहून घेईल, तुला ठाऊक हाय."

"वाड्याचं काय एवढं आबा? चार दगड आहेत."

आबांनी हौदाच्या काठावरून हात फिरवला. "ती हितं बसायची. नवीन लग्न होऊन आली तवा. मी दिवसभर गाडीवर. घरात सासू. ही हितं येऊन जनावराला पाणी पाजत बसायची. मी आलो की म्हनायची, मी बी कांजी हाऊसात पडली, माहेरचं कोनी सोडवाया येत न्हाई. मी म्हनायचो, कांजी हाऊस न्हाई, कोंडवाडा म्हन, आता तू इकडली. ती म्हनायची, तुमच्यात कोंडतेत. आमच्यात ठेवतेत. आमचं ते घर हाय." त्यांनी बैलाकडे पाहिलं. "मरेस्तोवर भांडली त्या शब्दासाठी. मी बी भांडलो. एकदा सुदिक व्हय म्हनलो न्हाई."

आता मला त्या फुटाण्यांचा उलगडा झाला. इतकी वर्षं हा माणूस रिसोडकडच्या पाव्हण्यांना चहा पाजून तीन-तीनदा तो शब्द म्हणायला लावत होता, कारण गावात तो म्हणणारं माणूसच उरलं नव्हतं. तपास कसला न् काय. मी झूल बैलाच्या पाठीवर टाकून पाहिली. माप बरोबर बसलं.

घरी आले तर ह्यांनी विचारलं, "काय दिसलं?" म्हटलं, "काही नाही. तूप लावत होते." रात्री मी हरभऱ्याची डाळ जास्तीची भिजत घातली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तशी मारोतीच्या पारापुढं आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं गेलं. सगळ्यांचे बैल रंगवलेले, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा. बालाजी सरपंच मानाच्या बैलापाशी उभा. तेवढ्यात बायकांमधली कुजबुज थांबली. हिरव्या झुलीतला लंगडा बैल घेऊन मारोतआबा येत होते. दावं त्यांच्या हातात नव्हतं, खांद्यावर टाकलेलं होतं. बैल आपण होऊन मागे चालत होता. बैलांच्या रांगेत शेवटी आबांनी त्याला उभं केलं.

बालाजी जवळ आला. आवाज बारीक करून म्हणाला, "आबा, हे कोंडवाड्यातलं जनावर हाय. मालकाबिगर तोरणाखालून न्हाई नेता येत."

"मालक मीच हाय."

"तुमी?"

"मी. माझ्या घरचा बैल हाय. सोयाबीन खाल्लं त्याचा दंड बी मीच भरतो." आबांनी करगोट्याची किल्ली सोडली न् बालाजीच्या हातात दिली. "कांजी हाऊस रिकामं झालं. सांग तुझ्या लोकाला."

बालाजीनं एकदा किल्लीकडे पाहिलं, एकदा आबांकडे. "आबा, काय म्हनलात?"

"कांजी हाऊस," आबा म्हणाले. "ऐकू येत न्हाई का?"

बालाजीनं किल्ली खिशात टाकली. तोरण तुटलं, ढोल वाजला, बैल निघाले.

मारोतीला फेरी झाली की ज्याचा त्याचा बैल घरी जातो. दारात घरची बाई त्याचे पाय धुते, ओवाळते, पुरणाची पोळी चारते. मग तो आत जातो. आबांच्या दारात कोण असणार? म्हणून मी आधीच ताट घेऊन जाऊन उभी राहिले होते. हमीदभाईही पाटीभर हिरवा चारा घेऊन ओट्याच्या कडेला उभे होते. आबांनी आम्हाला पाहिलं. "तुला कोनी बोलावलं?" म्हणाले. मी म्हटलं, "बैलानं." ते बाजूला झाले.

मी पाय धुतले, ओवाळलं, पोळी पुढे केली. बैलानं हुंगली, आणि तोंड फिरवलं. माझ्या खांद्यावरून तो घरात बघायला लागला. पुन्हा पोळी धरली, पुन्हा तेच. मान लांब करून उंबऱ्याच्या आत, चुलीकडच्या अंधारात बघत तो नुसता उभा राहिला. हलेना. हमीदभाईंनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

आबा पुढे आले. त्याच्या मानेवर हात ठेवला आणि कानाशी वाकले.

"न्हाई रे," ते म्हणाले. "ती न्हाई आता घरात. मी बी पाहातो रोज. हिच्या हातचं खाय."

मग बैलानं मान वळवली आणि माझ्या हातातली पोळी ओढून घेतली. माझे डोळे असे भरून आले होते की ताट कुठं ठेवावं ते दिसेना. आबांनी ताटातली दुसरी पोळी उचलली, एक घास तोडून खाल्ला, जरा चावला.

"पुरन पातळ झालं," म्हणाले, आणि उरलेली पोळी खात बैलाला घेऊन आत गेले.